म्हात्रे काकूंच्या घरी सगळे नॉर्मल

"लघवीला जाऊन आलीस का?"

म्हात्रे काकूंच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हा. बीपी मोजायला आलेला माणूस कोण आहे, केवढा आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा चारचौघांसमोर या प्रश्नात सापडले आणि लाजून परत चपला घालायला लागले. काकूंनी त्यांना हाताला धरून आत ओढलं. "लाजताय काय? तुंबलेल्या माणसाचं प्रेशर वर जातं. जाऊन या, मी थांबते." गेले बिचारे. न जाऊन सांगतात कुणाला!

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, आमच्या बिल्डिंगमध्ये काकूंचं दार माझ्या दारासमोर. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की पहिल्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याशी भाव ठरवायच्या. काका अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले. मूळचे मोरिवली गावचे, तिथलं घर धाकट्या भावाला, बाळारामला सोडून त्यांनी इकडे फ्लॅट घेतला. मुलगा-सून पुण्याला. त्या मुलानं एका दिवाळीला बीपीचं मशीन आणून दिलं आणि काकूंनी त्या मशीनचा दवाखाना मांडला.

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की माणसं यायची. नियम कडक. आधी खुर्चीत टेकून गप्प बसायचं. पाय जमिनीला, मांडीवर मांडी टाकलेली चालणार नाही. चहा पिऊन आलात तर बसा अजून अर्धा तास. शर्टाची बाही वर करून चालणार नाही, हात बाहेर काढा. हाताखाली उशी. आणि पट्टा फुगायला लागला की तोंडातून चकार शब्द नाही. मी भल्या भल्या दवाखान्यांत बीपी मोजून घेतलंय. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या स्वेटरवरून पट्टा गुंडाळणारे पाहिलेत. काकूंसारखं शिस्तीत कुणी मोजत नव्हतं.

फक्त एक होतं. आकडा यायची वेळ झाली की काकू स्क्रीनवर तळहात ठेवायच्या. मशीन टुंई करायचं, मग हात जरासा तिरका करून त्या एकट्याच बघायच्या, बंद करायच्या आणि जाहीर करायच्या, "एकशे तीस. नॉर्मल. चला, उठा."

सगळ्यांचं एकशे तीस. फार तर एकशे बत्तीस. एका वर्षी नदीचं पाणी सोसायटीत शिरलं, तळमजल्याची माणसं गाद्या डोक्यावर घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसली. कुणाचा फ्रिज पाण्यात, कुणाची स्कूटर. बाया रडतायत, पुरुष फोनवर ओरडतायत. काकूंनी मशीन काढलं आणि जिन्यात बसूनच एकेकाचं मोजायला घेतलं. पायरीपायरीनं पाणी वर येतंय आणि म्हात्रे काकू सांगतायत, "नॉर्मल. तुमचंपण नॉर्मल. अगो, तुझं तर पोरीसारखं आहे!" आणि खरं सांगू? माणसं शांत झाली. कुणीतरी डबा उघडला.

हे सगळं थोतांड आहे हे मला कसं कळलं, तर मी एकटी राहते म्हणून. अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्स बघते. नवरा नाही, मूल नाही, आईपण गेलेली. एकदा चक्कर आली म्हणून काकूंनी माझं मोजलं. तळहात ठेवला, बघितलं आणि दार लावून घेतलं.

"बाय, तुझं एकशे अठ्ठ्याहत्तर आहे."

मी उडालेच. "काय? परवा तर एकशे तीस म्हणालात!"

"परवा एकशे साठ होतं. वाटलं उतरेल. आता नाय उतरत. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याच्या घरच्यांना सांगते मी. तुझ्या घरी कोण आहे? मग तुलाच सांगायला लागणार. घाबरू नको. उद्या डॉक्टरकडे जायचं, मी येते."

अशी काकूंची पद्धत. ज्याचं बीपी त्याला खरा आकडा सांगायचा नाही, घरच्याला सांगायचा. समोरच्या विंगमधले गोपाल अंकल उल्हासनगरला कापडाचं दुकान चालवायचे. ते खुर्चीत बसल्या बसल्या विचारायचे, "भाभी, सच बोलो, कितना है?" काकू म्हणायच्या, "एकदम हिरो जैसा." अंकल खूश होऊन, येताना आणलेले पापड ठेवून निघून जायचे. आणि ते जिना उतरेपर्यंत काकूंचा त्यांच्या सुनेला फोन गेलेला असायचा. "सुन बेटा, एक सौ सत्तर है. पापड, लोणचं सब बंद. रात की गोली तू अपने हाथ से देना. उनको कुछ मत बोल." कुणाच्या घरी भाजीतलं मीठ गुपचूप कमी व्हायचं, कुणाला बायको "सहज चला हो" म्हणून डॉक्टरकडे न्यायची. आणि गंमत म्हणजे हे चालायचं! माणसं औषधं घ्यायची, बरी राहायची आणि स्वतःला नॉर्मल समजायची.

मी भांडले. चांगली भांडले. "काकू, माणसाचं शरीर त्याचं. त्याला आकडा कळला पाहिजे. तुम्ही कोण ठरवणार?"

तेव्हा त्यांनी भावाचं सांगितलं. काकूंचा थोरला भाऊ, गडी माणूस, कधी डोकं दुखलेलं माहीत नाही. गावात कुणीतरी बीपी मोजलं आणि भरल्या ओटीवर मोठ्यानं म्हणालं, "बापरे, दोनशे वीस! तुम्ही चालताय कसे?" भाऊ हसला, उठला, अंगणात गेला आणि बसला तो बसलाच. "आकड्यानं मारला माझ्या भावाला," काकू म्हणाल्या. "तोपर्यंत चालत होता ना तो? बोलत होता ना? मग?"

दोनशे वीस कुणी मोजलं नसतं तरी ते त्याच्या अंगात होतंच, हे मी सांगून पाहिलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि कणीक मळायला गेल्या.

त्यात काकांचा स्वभाव. अंगानं हा एवढा मोठा माणूस, पण काळीज चिमणीचं. गणपती मंडळाच्या शिबिरात एका पोरीनं त्यांना एकशे सत्तर सांगितलं, तर काका घरी येऊन अंथरुणाला खिळले. जेवेनात. बाळारामला बोलावून घेतलं आणि आपल्यामागं काकूला अंतर देऊ नकोस म्हणून त्याच्या गळ्यात पडून रडले. काकूंनी आपल्या मशीननं मोजलं, तळहाताखाली बघितलं आणि म्हणाल्या, "कुठलं एकशे सत्तर? एकशे तीस आहे. ती पोर शिकाऊ असणार." काका उठून बसले आणि चहा मागितला. त्या वेळी मशीनवर किती होतं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. एकशे चौऱ्याऐंशी.

पुढं गुडघ्याच्या निमित्तानं त्यांनी काकांना अंबरनाथच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली आणि काकूंना बाजूला घेऊन बजावलं, "यांना सांगा बरं का. ही गोळी चुकवून चालणार नाही." काकू म्हणाल्या, सांगते सांगते. घरी येऊन गोळ्या पाकिटातून काढल्या, कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या आणि काकांना सांगितलं, ही गुडघ्याची. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. काका घेत राहिले. बीपी उतरलं, एकशे पन्नासच्या आसपास राहायला लागलं. सुकट काकू मीठ जायला तीन पाण्यांतून काढायच्या, तरी काका म्हणायचे, "हल्ली सुकटीला पूर्वीची चव नाय राहिली." आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे, "माझं कधी एकशे तीसच्या वर गेलं नाय. फॅक्टरीतलं शरीर आहे!"

आता यातली गोम बघा. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचा खरा आकडा त्याच्या घरातल्या कुणाला तरी ठाऊक होता. काकांच्या घरातलं माणूस म्हणजे काकू. एकट्या काकू. मुलाला सांगितलं तर तो फोनवर बापाला ओरडेल, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. काकांचं बीपी काकूंच्या एकटीच्या डोक्यावर आणि त्याखाली त्या कधी नीट झोपल्या असतील असं मला वाटत नाही. मी दर वेळी म्हणायचे, "काकू, काकांना सांगा. आता गोळी चालू आहे, आकडा खाली आहे, आता सांगायला काय भीती?" त्या म्हणायच्या, "सांगते गो, जरा त्यांचं मन बघून." मन बघायला मुहूर्त लागत नाही हो! पण त्यांना तो सापडला नाही.

मोरिवलीच्या घरावर स्लॅब चढवायचं निघालं. आमच्याकडे स्लॅब टाकायचा म्हणजे लग्नघरासारखं असतं, सगळी भावकी गोळा होते. थोरला भाऊ म्हणून काका आधीच जाऊन राहिले. काकूंनी पिशवी भरून दिली, त्यात बाटलीपण ठेवली. इकडे काकूंच्या मागं बिल्डिंगचं हळदीकुंकू, म्हणून त्या स्लॅबच्या आदल्या दिवशी जाणार होत्या. काका जाऊन आठवडा होत आला आणि रविवारी टीव्हीमागचा कचरा काढताना काकूंना ती बाटली सापडली. पिशवीत बाळारामसाठी सुके बोंबील मावेनात, म्हणून काकांनी ती काढून ठेवली होती.

मी तेव्हा तिथंच चहा पीत बसले होते. काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

"अहो, गोळी राहिली ना तुमची."

मागं पोरांचा आरडाओरडा, सळया टाकल्याचा आवाज. काका जोरजोरात बोलत होते. "कसली गोळी? गुडघ्याची? अगो, गुडघा ठणठणीत आहे! वर सेंट्रिंगच्या फळ्यांवर उभा आहे मी, बोल! बाळारामची बायको काय सुकट करते, व्वा! ही खरी सुकट!"

"बरं," काकू म्हणाल्या. "उन्हात उभं राहू नका." आणि फोन ठेवला.

माझा पाराच चढला. "लावा परत! सांगा आत्ताच्या आत्ता, ती बीपीची गोळी आहे म्हणून!"

"वर उभे आहेत ते, बाय. वर उभ्या माणसाला सांगू? भोवळ येऊन खाली पडले तर?"

"मग बाळारामभावजींना सांगा."

"त्याच्या तोंडात तीळ भिजत नाय. तिथनंच ओरडेल, दादा, तुला बीपी आहे."

"मग उठा, आत्ता जाऊ. मी येते. रिक्षा करू."

काकू उठल्या. पदर खोचला, बाटली हातात घेतली, दारापर्यंत आल्या. आणि थांबल्या. "नको. गुडघ्याच्या गोळीसाठी बायको एवढ्या लांब धावत आली, म्हटल्यावर त्यांना कळेल ना. ते काय खुळे नाहीत. उद्या सकाळी जाते. उद्या तशी जाणारच आहे. एका दिवसानं काय होतंय?"

मी खूप बोलले. शेवटी म्हटलं, माझ्याकडे द्या नंबर, मी सांगते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुला माझी शपथ आहे." डोळ्यांत पाणी होतं. शपथा-बिपथा मी मानत नाही, पण त्या माझे हात सोडेनात. म्हटलं, सकाळी तर जाणारच आहेत.

सकाळी काकू कुलूप घालत होत्या, मी ऑफिसला निघाले होते, तेवढ्यात बाळारामचा फोन आला. "वयनी, दादा परला गो! तोंड वाकरा झालाय, बोलत नाय!"

आम्ही उल्हासनगरच्या हॉस्पिटलला पोचलो तेव्हा बाळाराम डॉक्टरांना ठासून सांगत होता, "छे, बीपी नाय, साहेब. एकदम नॉर्मल. वयनी स्वतः मोजते रोज." तरुण डॉक्टर होता, त्यानं काकूंकडे बघितलं. "हो का, काकू? बीपीची कुठली गोळी चालू होती का? खरं सांगा, त्यावर पुढचं ठरतं." काकूंनी पिशवीतून कॅल्शियमची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. मग सांगितलं. सगळं, बाळारामच्या समोर, जावेच्या समोर. त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

काका वाचले. वाचले म्हणायचं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुद्ध मात्र पक्की होती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तोच डॉक्टर कॉटपाशी येऊन अगदी प्रेमानं म्हणाला, "काका, तुम्हाला बरीच वर्षं बीपी आहे. मध्ये गोळी सुटली ना, म्हणून हा झटका आला. आता नाही सोडायची हं." काकांनी ऐकलं. मग मान वळवली आणि काकूंकडे बघितलं. खूप वेळ बघत राहिले. काकू त्यांच्या पायावरची चादर सारखी करत होत्या, त्या काही वर बघेनात.

घरी आणल्यावरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. काकू त्यांना भरवायच्या, पुसून घ्यायच्या, कुशीवर वळवायच्या, सगळं घाणेरडं काढायच्या. काका करू द्यायचे. पण काकूंनी पट्टा हातात घेतला की चांगल्या डाव्या हातानं दुसरा हात ओढून चादरीखाली घ्यायचे आणि तोंड भिंतीकडे. रागावून नाही, झटकून नाही. नुसतं तेवढंच. काकूंनी गयावया केली, शपथा घातल्या, एकदा रागानं मशीनपण आपटलं. नाही म्हणजे नाही. शेवटी मी ऑफिसातून आल्यावर मोजायला लागले. माझ्यापुढं ते हात करायचे आणि स्क्रीन आपल्याकडे वळवायला लावायचे. आकडा आधी ते वाचायचे, मग मी.

बिल्डिंगमधली माणसं यायची बंद झाली. एकेकानं स्वतःचं मशीन घेतलं. एकदा जिन्यात गोपाल अंकल भेटले काकूंना. म्हणाले, "भाभी, मेरा भी झूठ था?" काकूंनी मान हलवली. अंकल जिना उतरून गेले. त्यांची सून मला नंतर म्हणाली, घरी येऊन रडले, मग तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. ते जिवंत होते, धडधाकट होते, ते काकूंमुळंच, हे त्यांना कुणी सांगायचं? आणि म्हात्रे काका असे पडले तेही काकूंमुळंच, हे तरी मी कसं खोडायचं? मला आजही या बाईचा राग येतो आणि त्या रागात रडू येतं. दुसऱ्याच्या जिवाला इतकं जपणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. आणि इतकं चुकलेलंही नाही.

मुलगा दोघांना पुण्याला न्यायला आला. आदल्या संध्याकाळी मी शेवटचं मोजायला गेले. सामान बांधलेलं, भिंतीवरचे फोटो उतरवलेले. सून आतल्या खोलीत बॅगा भरत होती, काकू ओट्यापाशी प्रवासासाठी पोळ्या लाटत होत्या. मी काकांच्या हाताखाली उशी दिली, पट्टा बांधला. मशीन थांबलं. आम्ही दोघांनी बघितलं. एकशे अठ्ठावीस, खाली अठ्ठ्याहत्तर. इतकं चांगलं त्यांचं कधी आलं नव्हतं. मीठ नाही, गोळ्या वेळच्या वेळी, सगळं जागच्या जागी, आणि माणूस असा लाकडासारखा.

"किती गो?" काकूंनी आतून विचारलं. हात पदराला पुसत दारात आल्या आणि स्क्रीन बघायला वाकल्या. काकांनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबून मशीन बंद केलं आणि चादरीखाली ओढून घेतलं. डोळे मिटले.

काकू तशाच वाकलेल्या राहिल्या.

"एकशे अठ्ठावीस, काकू!" मी घाईघाईनं म्हटलं. "आईशप्पथ. एकशे अठ्ठावीस बाय अठ्ठ्याहत्तर. एकदम नॉर्मल."

काकू सरळ झाल्या. माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. पिठाचा हात माझ्या गालावरून फिरवला.

"गुणाची आहेस गो बाय," म्हणाल्या. "खरं किती आहे ते सुनेला तेवढं सांगून ठेव."

आणि तव्यावरची पोळी करपत होती म्हणून आत गेल्या.